७ वाजून ३५ मिनिटांचं रक्त

हिंदमाताला पाणी भरलं होतं. सकाळचे ७ वाजून १० मिनिटं झालेली, सिस्टर हात धुऊन बसलेल्या, सलाईनची बाटली खुंटीला लावून तयार, आणि माझा फोन वाजला. बायकोचं रक्त न्यायला येणारा लॅबचा मुलगा.

"काका, मी दादर टी.टी.ला अडकलोय. बाइक इथेच लावून चालत येतो. पण माझ्याआधी डोस सुरू करू नका हं. मला उशीर झाला तर चालेल. डोस आधी गेला तर आजचं रक्त फुकट जाईल."

मी बेस्टमध्ये टाइमकीपर होतो. ३१ वर्षं बस चौकीत बसून गाड्यांच्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा लिहिल्या. वेळेचं मोल कळणारा माणूस मला आवाजावरून ओळखू येतो. या मुलाचं बोलणं ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं, या सेवेबद्दल नीट, सविस्तर लिहायचं.

लॅब माटुंग्याची आहे, घरी येऊन रक्त घेऊन जाते. तसं तर आता गल्लोगल्ली कुणीही घेऊन जातं. पण मी लिहितोय ते एका वेगळ्या तपासणीबद्दल, रक्तातल्या अँटिबायोटिकची पातळी मोजण्याबद्दल. डॉक्टर त्याला नुसतं 'लेव्हल' म्हणतात. लॅबचं नाव लिहीत नाही. पुढे आणखी एका लॅबची आणि एका हॉस्पिटलची तक्रार येणार आहे. त्यांची नावं झाकायची आणि हिचं तेवढं लिहायचं, हे मला पटत नाही. शिवाय काय बघायचं ते कळलं तर तुमच्या भागातली चांगली लॅब तुमची तुम्हाला ओळखता येईल.

आमच्या हिचा उजवा गुडघा मे महिन्यात बदलला. वय ६८, वजन ५२ किलो. तीन आठवड्यांनी गुडघा लाल झाला, ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं. पुन्हा ऑपरेशन. गुडघा उघडून धुतला, आतला प्लास्टिकचा भाग बदलला आणि पू तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये एमआरएसए निघाला, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा जंतू. त्यावर व्हॅन्कोमायसिन सहा आठवडे शिरेतून द्यायचं ठरलं, दिवसातून दोनदा. ८४ डोस. त्यातले १२ हॉस्पिटलात झाले, उरलेले ७२ घरी. दंडातून पिक लाइन घालून दिली, म्हणजे बारीक नळी थेट छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत. काळाचौकीच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता सिस्टर येऊन औषध लावणार, अशी व्यवस्था झाली.

हॉस्पिटलात पहिलाच डोस अर्ध्या तासात संपवला होता. हिचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली, अंगभर खाज सुटली. ती घाबरून "अहो, हे बंद करा" म्हणत होती. तिथल्या ब्रदरने सांगितलं, ॲलर्जी आहे. मग मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, ॲलर्जी नाही, औषध फार वेगाने गेलं. व्हॅन्कोमायसिन मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेगाने द्यायचं नसतं. म्हणजे एक ग्रॅमला १०० मिनिटं. पुढचा डोस तसा दिला, काही झालं नाही. तेव्हापासून मी वही घातली. डोस कधी सुरू, कधी संपला, कुणी दिला. चौकीतली सवय कामाला आली.

आता मुख्य गोष्ट. हे औषध शरीरात फारसं मोडत नाही, बहुतेक सगळं जसंच्या तसं मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर औषध साचतं, साचलं की ते त्याच मूत्रपिंडाला इजा करतं, मग आणखी कमी बाहेर पडतं आणि आणखी साचतं. म्हणून दर काही दिवसांनी रक्तात औषध किती आहे ते मोजावं लागतं. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत एवढंच होतं, 'व्हॅन्कोमायसिन लेव्हल बाहेरून करून घ्यावी.' कधी, कशी, कुणाकडे, काही नाही. डोस एक ग्रॅम, दिवसातून दोनदा.

मी घराजवळच्या एका लॅबला फोन केला. "करतो की, सकाळी ८ ते १० मध्ये मुलगा येईल." तो आला ९ वाजून ५० मिनिटांनी. सकाळचा डोस १० मिनिटांपूर्वीच संपला होता. हिच्या शिरा बारीक, पोरगा दोन्ही हातांवर ठोकून ठोकून थकला. हिचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, "काकू, सुई कशाला, ही नळी आहे ना," आणि पिक लाइनमधूनच रक्त काढलं. हिला बरं वाटलं, मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, ६८.२. शेजारी ठळक 'हाय', आणि वर शीर्षक 'ट्रफ', म्हणजे पुढच्या डोसच्या अगदी आधीची, सगळ्यात खालची पातळी.

तो घेऊन आम्ही दादरला इन्फेक्शनच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी आकडा बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, रक्त किती वाजता घेतलं?" रिपोर्टवर नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची वेळ छापलेली, रक्त घेतल्याची नाही. मी वही उघडली. डोस सुरू ८.००, संपला ९.४०, रक्त ९.५०, पिक लाइनमधून.

त्यांनी तो कागद उलटा करून बाजूला ठेवला. "हा आकडा वापरता येणार नाही. औषध ज्या नळीतून गेलं त्याच नळीतून रक्त काढलं, तर नळीला चिकटलेलं औषधही त्यात येतं. आणि डोस संपून दहा मिनिटं झालेली, तेव्हा औषध अजून अंगात पसरलेलंही नसतं. तुमची वही नसती तर मी या आकड्यावरून औषध बंद केलं असतं आणि ते बरोबर की चूक हे आपल्याला कधीच कळलं नसतं."

मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मूत्रपिंडं किती वेगाने काम करतात याचं गणित मांडलं. त्याला लागतं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाचं रक्तातलं प्रमाण. ते लिहितो, कारण मला ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणायचं. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी १९७६ मध्ये दिलेलं हे सूत्र आजही वापरतात. हिचं क्रिएटिनिन हॉस्पिटलात ०.९ होतं, रिपोर्टवर 'नॉर्मल'. पण १४० वजा ६८ म्हणजे ७२, वरचा ७२ आणि खालचा ७२ गेला, उरले ५२ भागिले ०.९, गुणिले ०.८५. उत्तर ४९. तरुण धडधाकट माणसाचं शंभराच्या आसपास येतं. म्हणजे क्रिएटिनिन 'नॉर्मल' असताना हिची मूत्रपिंडं अर्ध्या वेगाने चालली होती, वय झालेलं, आणि अंगावर मांस नाही म्हणून आकड्यात ते दिसत नव्हतं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, स्नायूच कमी तर आकडा कमीच दिसणार.

"मग एक ग्रॅम का लावलं?" मी विचारलं.

"पुष्कळ ठिकाणी सवयीने लावतात. वायल एक ग्रॅमची येते."

हे ऐकून मला आतून कसंतरी झालं. माझ्या बायकोच्या मूत्रपिंडाचा डोस बाटलीच्या मापावर ठरला होता.

माटुंग्याच्या लॅबचा नंबर मॅडमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने दिला. फोन उचलणाऱ्या बाईंनी पत्ता नंतर विचारला. आधी विचारलं, मागचा डोस किती वाजता सुरू झाला, पुढचा कधी आहे, किती डोस झालेत, मधला एखादा चुकला का, औषध कुठल्या हातातून जातं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी ७.३०ला मुलगा तुमच्या दारात असेल. ॲपवरून बुक करू नका, तिथे दोन-दोन तासांचे स्लॉट आहेत, या तपासणीला ते चालत नाहीत." आपल्याच ॲपची उणीव स्वतःहून सांगणारी बाई मला विश्वासाची वाटली.

मुलगा ७.२५ ला आला. बॅगेतून एक फॉर्म काढला. त्यावर छापील चौकटी होत्या, मागचा डोस सुरू, मागचा डोस संपला, किती मिलिग्रॅम, रक्त घेतल्याची वेळ, कुठला हात, शिरेतून की लाइनमधून. माझ्या वहीतलं सगळं त्याने उतरवून घेतलं. पिक लाइन उजव्या दंडात, म्हणून त्याने डावा हात मागितला. हिने लगेच नळी पुढे केली, मागच्या मुलाने तसंच घेतलं होतं ना. "नाही काकू, यातून नाही घेणार. एक सुई टोचेल, पण आकडा खरा येईल." गरम पाण्यात पंचा पिळून पाच मिनिटं हाताच्या पाठीवर ठेवला, शीर वर आली, एका टोचण्यात रक्त मिळालं. मनगटावरच्या घड्याळात बघून त्याने ट्यूबवर पेनने लिहिलं, ७.३५.

चौकीत असताना नवीन पोरांना मी हेच सांगायचो. गाडी सुटायची होती ती वेळ लिहू नका, सुटली ती लिहा. ७.३० ची गाडी ७.३५ ला सुटली तर वहीत ७.३५. या मुलाला ७.३० ला बोलावलं होतं, ७.३० लिहिणं सोपं होतं.

सकाळचा डोस रिपोर्ट येईपर्यंत थांबवायला मॅडमनी सांगितलं होतं. दुपारी अडीचला आकडा मोबाइलवर आला, एका मिलिलिटर रक्तात २८.६ मायक्रोग्रॅम. तोही पुढच्या डोसच्या आधीचा, जेव्हा सगळ्यात कमी असायला हवा तेव्हा. त्याच रक्तातून क्रिएटिनिनही केलं होतं. ०.९ वरून १.१ झालं होतं. म्हणजे पहिल्या लॅबचा आकडा निरुपयोगी होता, पण औषध खरोखरच साचत होतं. मॅडमनी संध्याकाळचाही डोस थांबवला आणि दुसऱ्या दिवसापासून ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा केलं.

१.१ हा आकडाही रिपोर्टवर 'नॉर्मल'च होता. मी म्हटलं, मग एवढी घाई का? मॅडम म्हणाल्या, क्रिएटिनिन मागून येतं. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर एक-दोन दिवसांनी ते चढायला लागतं. रक्तातलं औषध मोजलं तर इजा व्हायच्या आधी कळतं. नुसत्या क्रिएटिनिनवर राहणं म्हणजे गाडी सुटून गेल्यावर फलाटावर पोहोचणं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी बाहेर आली. ही गुडघा दुखला की डायक्लोफेनॅकची गोळी घ्यायची, मला न सांगता, उशीखालच्या पाकिटातून. मॅडमनी विचारल्यावर कबूल केलं. या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि व्हॅन्कोमायसिनबरोबर तर मुळीच नकोत. पाकीट त्याच संध्याकाळी गेलं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालू केलं, तेही सांगितल्या वेळीच. घरी कुणाला हे औषध चालू असेल तर आधी उशीखाली बघा.

घरी आल्यावर ही रडायला लागली. "मूत्रपिंडं जाणार असतील तर नको ते औषध. पाय गेला तर गेला." मी मॅडमना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या तिच्याशी दहा मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, "काकू, औषध कमी पडलं तर जंतू मरत नाही, उलट शहाणा होतो, मग हेही औषध त्याला लागू पडत नाही. म्हणून कमीही नको, जास्तही नको. मोजून देऊ. मोजता येणारं औषध आहे हे, हीच त्यातली चांगली गोष्ट आहे." ही गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ५०० चा पहिला डोस तिने स्वतः सिस्टरना "लावा" म्हणून सांगितला.

मला या औषधाबद्दल कुतूहल वाटायला लागलं म्हणून वाचलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोर्निओच्या जंगलातल्या मातीत सापडलेल्या जंतूपासून ते काढलं. १९५८ मध्ये अमेरिकेत वापराला परवानगी मिळाली. सुरुवातीचं औषध इतकं अशुद्ध आणि तपकिरी असायचं की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणायचे. आज ते पांढरं शुभ्र येतं, पण मूत्रपिंडाची काळजी तेव्हाही होती, आजही आहे. ॲमिकासिन, जेंटामायसिन या इंजेक्शनांचंही तसंच, त्यात कानालाही धोका असतो. मोजण्याची कल्पनाही काही आजची नाही. आमच्या शेजारच्या केईएममध्ये क्लिनिकल फार्माकोलॉजीचा विभाग आहे, तिथे फिटच्या औषधांची रक्तातली पातळी मोजतात. चाळीतल्या एका मुलाला मी स्वतः नेलंय. त्यालाही विचारलं होतं, शेवटची गोळी कधी घेतली? तेव्हा त्या प्रश्नाचं महत्त्व मला कळलं नव्हतं.

डोस कमी केल्यावर आठ दिवसांनी मॅडमनी एकाच दिवशी दोनदा रक्त सांगितलं. आधी मला वाटलं, कशाला दोनदा त्रास. मग त्यांनी समजावलं. पूर्वी फक्त डोसच्या आधीची खालची पातळी बघायचे आणि २००९ च्या मार्गदर्शनानुसार गंभीर आजारात ती १५ ते २० ठेवायची असं होतं. त्यात पुष्कळांच्या मूत्रपिंडांवर ताण आला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या औषधतज्ज्ञांच्या आणि संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांनी ते बदललं. आता २४ तासांत शरीराला एकूण किती औषध भेटलं ते बघतात, त्याला 'एयूसी' म्हणतात, आणि ते ४०० ते ६०० मध्ये हवं. मला ते माझ्या भाषेत कळलं. शेवटच्या फेरीला कंडक्टरच्या पिशवीत किती पैसे आहेत ते बघून दिवसाचा धंदा कळत नाही, त्याला पूर्ण दिवसाचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद लागतो. दोन ठिकाणी नोंद मिळाली की मधली रेघ ओढता येते.

त्या दिवशी मुलगा दोनदा आला. डोस ८ ते ९. पहिलं रक्त १०.३० ला, दुसरं संध्याकाळी ७.३० ला, रात्रीच्या डोसच्या अर्धा तास आधी. डोस संपल्यावर दीड तास थांबायचं, म्हणजे औषध अंगात नीट पसरतं. सकाळी तो ९.५५ लाच पोहोचला होता. मी म्हटलं, "घे की आता, पुढे तुला कामं असतील." तो म्हणाला, "काका, पस्तीस मिनिटं बसतो." गॅलरीत स्टुलावर बसला, हिने दिलेला चहा घेतला, मोबाइलमध्ये डोकं घालून पुढच्या घरी उशीर होणार म्हणून दोन फोन केले. १०.३० ला उठला. आकडे आले २३.१ आणि १३.३. मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये घातले, एयूसी ४४० च्या घरात. क्रिएटिनिन परत ०.९. मॅडमच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू बघितलं.

आणि मग तो पावसाचा दिवस, चौथ्या आठवड्यातला. दादर टी.टी.पासून नायगाव, भोईवाडा करत तो चालत आला. ८.२५ ला जिन्यात पावलं वाजली. पँट मांडीपर्यंत भिजलेली, बूट हातात, पण रक्ताच्या ट्यूबची थंड पेटी डोक्यावर धरून कोरडी आणलेली. हिने आधी त्याला टॉवेल दिला. त्याने हात पुसून, स्पिरिटने धुऊन ८.३२ ला रक्त घेतलं आणि फॉर्मवर ८.३२ च लिहिलं, खाली टीप, 'पावसामुळे उशीर, डोस थांबवलेला.' सिस्टरनी ८.४० ला डोस लावला. मी विचारलं, माटुंग्याला परत पोहोचायला दुपार होईल, रक्त खराब नाही का होणार? म्हणाला, थंड ठेवलेला नमुना दोन-तीन तासांनी पोहोचला तरी बिघडत नाही, चुकीच्या वेळी घेतलेला मात्र सुधारता येत नाही. मॅडमनी ८.३२ धरूनच हिशेब केला. लेव्हल १४.१, डोस आहे तोच.

खर्चाचं सांगतो. एका लेव्हलचे २२०० रुपये, घरी येण्याचे प्रत्येक वेळी १५०. आमच्या एकूण पाच लेव्हल झाल्या, म्हणजे ११,७५० रुपये, त्यात पहिल्या लॅबचं वाया गेलेलं बिल धरलेलं नाही. पेन्शनवर जगणाऱ्याला ही रक्कम कमी नाही. मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरचा खर्च म्हणून आमची बिलं लागली, पण प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागली, ती आधीच मागून घ्या. पैसे जास्त वाटत असतील तर एवढं सांगतो, आमच्याच मजल्यावर डायलिसिसला जाणारे एक गृहस्थ आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांना जिना उतरताना बघतो. त्यांच्याशी तुलना करून मी कधीच या २२०० ला महाग म्हटलं नाही.

आता तक्रारी. एक, रविवारी लॅबमध्ये ही तपासणी होत नाही. आमची शेवटची लेव्हल शनिवारी संध्याकाळची होती, आकडा सोमवारी दुपारी आला. मधले डोस अंदाजावर गेले. आमच्याकडे तोवर सगळं स्थिर होतं म्हणून निभावलं, पण सुरुवातीच्या आठवड्यात असं झालं असतं तर? शनिवारी नमुना घेताना हे आपणहून सांगायला हवं होतं. तुम्ही बोलवाल तेव्हा वार बघून बोलवा, सोमवार ते गुरुवार उत्तम.

दोन, ॲप. दोन तासांचे स्लॉट अजून तसेच आहेत. ज्याला फोन करायचं सुचणार नाही त्याचं रक्त चुकीच्या वेळीच जाणार. या एका तपासणीला ॲपमध्ये बुकिंगच बंद ठेवा आणि फोन नंबर दाखवा, एवढं करता येईल.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली आहे. ज्या दिवशी दोनदा रक्त घेतलं त्या दिवशीचे दोन्ही रिपोर्ट छापून आले. २३.१ च्या पुढे ठळक 'हाय', १३.३ च्या पुढे ठळक 'लो', कारण दोन्हींच्या खाली तीच जुनी १५ ते २० ची मर्यादा छापलेली. एकाच बाईचं, एकाच दिवसाचं रक्त, एक जास्त आणि एक कमी, आणि औषध मात्र बरोबर मापात चाललेलं. मॅडमना भेटेपर्यंत ही रात्रभर जागी होती. सकाळी मला म्हणाली, "अहो, दोन्हीकडून चुकतंय, आता काय करायचं?" इतक्या काळजीने वेळ लिहिणाऱ्या लॅबने त्याच वेळेकडे न बघता शिक्का मारावा, याचं मला फार वाईट वाटलं. डोसनंतरच्या नमुन्याला 'हाय' लिहिण्याची गरजच नाही, 'डोसनंतर दीड तासाने' एवढं छापलं तरी पुरे.

मी माटुंग्याला त्यांच्या ऑफिसात जाऊन हे सांगितलं. दोन्ही रिपोर्ट आणि माझी वही समोर ठेवली. तिथल्या साहेबांनी उभं राहून ऐकलं, वहीचे फोटो काढले, आणि म्हणाले की रिपोर्टचा नमुना बदलायला वरून मंजुरी लागते, पाठवतो. ही गोष्ट ऑगस्टमधली. ७२ वा डोस झाला, पिक लाइन निघाली, ही काठी घेऊन जिना उतरायला लागली. परवा चाळीतल्या दुसऱ्या एका आजींसाठी तोच मुलगा तीच तपासणी करायला आला होता. वेळ त्याने मिनिटासकट लिहिली. रिपोर्ट मी मागून बघितला. खाली अजून १५ ते २० च छापलेलं आहे.